कंपनीत व्यायामाचे सेशन घेणारी सर्विस, हिंगणा एमआयडीसीतला आमचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

ज्यांच्या कंपनीत सध्या वरून "कर्मचाऱ्यांसाठी फिटनेस प्रोग्राम लावा" असा मेल आला असेल त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका मशिनिंगच्या कंपनीत ॲडमिन आणि सेफ्टी दोन्ही बघतो, आणि आम्ही यावर्षी फेब्रुवारीपासून नागपुरातलीच एक फिटनेस सर्विस लावली, आठवड्यातून तीन सेशन, कंपनीच्या आवारातच. नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण लिहिल्या आहेत, आणि तसंही तुम्ही कोणाला घ्याल ते घ्या, काय बघून घ्यायचं ते महत्त्वाचं आहे. यांचा व्यायाम म्हणाल तर ठीकठाक, स्क्वॅट, प्लँक, स्ट्रेचिंग, थोडं योगासन, यूट्यूबवर यापेक्षा भारी दिसतं. पण माणसाला काही होऊ नये म्हणून हे लोक जे करतात ते मात्र एक नंबर आहे, आणि मला विचाराल तर पैसे त्याचेच द्यायचे असतात.

पहिल्या आठवड्यात यांनी व्यायाम घेतलाच नाही. आमचे प्लांटचे साहेब जरा वैतागले, म्हणे पैसे तर सुरू झाले ना. पण ते लोक कँटीनमध्ये एका टेबलवर बीपीचं मशीन मांडून बसले आणि एकेकाला बोलावून फॉर्म भरून घेऊ लागले. फॉर्म म्हणजे जगभर वापरतात तोच, कॅनडात तयार झालेला पार-क्यू म्हणून आहे, त्याच्या नव्या फॉर्मात पहिल्या पानावर सातच प्रश्न असतात. हृदयाचा त्रास किंवा बीपी आहे का, छातीत दुखतं का, चक्कर येऊन तोल जातो का, दुसरा काही जुना आजार आहे का, गोळ्या चालू आहेत का, हाडाचं सांध्याचं दुखणं आहे का, डॉक्टरने कधी देखरेखीतच व्यायाम करा असं सांगितलं का. सातही उत्तरं नाही असतील तर सुरू करा, एकाचंही हो असेल तर पुढची पानं भरा आणि गरज पडली तर डॉक्टरला दाखवून या. फॉर्म मराठीत आणि हिंदीत होता, आणि ज्यांना लिहायचा कंटाळा त्यांना तोंडी विचारून भरला. हे फार महत्त्वाचं आहे कारण आमच्याकडे फॉर्म दिला की लोक सगळीकडे "नाही" वर टिक मारून मोकळे होतात.

आमचे वेल्डिंगचे एक काका आहेत, पन्नाशी पार, अंगाने काटक, सगळ्यात आधी तेच नाव द्यायला आले. बीपी घेतलं तर १८० च्या वर. पाच-दहा मिनिटं बसवून, पाय सरळ ठेवायला लावून, हात टेबलवर टेकवून परत घेतलं, तेवढंच. ट्रेनरने विचारलं, काका गोळी चालू आहे ना? काका म्हणाले, "होती ना भाऊ, बरं वाटत होतं म्हणून बंद केली दोन महिन्यांपासून." बसल्या जागी १८० बाय ११० च्या वर असलं तर व्यायाम करायचाच नाही हा त्यांचा नियम. काकांना राग आला, मी रोज सिलिंडर उचलतो मला काय होते म्हणे, पण ट्रेनर हलला नाही, त्याने आवाज न चढवता चिठ्ठी लिहून दिली आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवलं. काका आता गोळी घेतात आणि डॉक्टरच्या परवानगीने चालण्याच्या बॅचमध्ये आहेत. मी तर म्हणतो या एका गोष्टीसाठी पण सर्विस वसूल झाली.

अजून एक प्रश्न यांनी आपल्याकडून जोडला होता आणि तो मला बाहेरच्या मोठ्या शहरातल्या कोणत्याही कोटेशनमध्ये दिसला नव्हता. सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. आपल्या विदर्भात हा आजार बऱ्यापैकी आहे हे आपल्याला माहितच आहे, पण ज्यांना आजार नाही, फक्त वाहक आहेत, ते एकदम नॉर्मल जगतात आणि बहुतेकांना आपण वाहक आहो हे माहितही नसतं. त्यांना व्यायाम बंद वगैरे काही नाही. पण एकदम जोर लावून, न थांबता, उन्हात, पाणी न पिता दौड किंवा सर्किट केलं तर वाहकाच्या पण लाल पेशी वाकड्या होऊन स्नायूंना रक्त कमी पडू शकतं आणि माणूस कोसळू शकतो, अमेरिकेत सैन्यातल्या आणि कॉलेजच्या खेळाडूंमध्ये असे मृत्यू झालेले आहेत. म्हणून यांचा नियम असा की हळूहळू वाढवायचं, मध्ये मध्ये थांबायचं, आणि ज्याचे पाय अचानक गळाल्यासारखे वाटले त्याने लगेच बसायचं, त्याला "चल ना दोनच राहिले" म्हणायचं नाही. आणि हे सगळ्यांना लागू, म्हणजे कोणाला वेगळं काढायची गरज पडत नाही. हे मला फार आवडलं, कारण एखाद्याचा आजार सगळ्यांसमोर उघडा पडला की तो माणूस परत कधी खरं सांगत नाही.

त्यावरूनच फॉर्मचं सांगतो. एचआरने फॉर्म मागितले होते, यांनी दिले नाहीत. एचआरला फक्त यादी मिळाली, कोण सगळं करू शकतो, कोण थोडं जपून, कोणाला डॉक्टरची चिठ्ठी लागेल, बस. कोणाला शुगर आहे कोणाला काय आहे हे कंपनीला कळायची गरज नाही, प्रमोशनच्या वेळी कोणाच्या डोक्यात ते येऊ नये. तसंच हजेरीचं. साहेबांना शंभर टक्के हजेरी पाहिजे होती, सुपरवायझरकडून नावं लिहून घ्यायचं ठरत होतं, तर या लोकांनी सरळ सांगितलं की जबरदस्तीने उभा केलेला माणूस त्रास होत असला तरी सांगत नाही, त्यामुळे ज्याला यायचं तो येईल. नवीन ग्राहकाला असं तोंडावर सांगणं सोपं नाही, पण त्यांनी सांगितलं, आणि साहेबांनी ऐकलं.

जागा बघायला आले तेव्हा आम्ही डिस्पॅचच्या बाजूची मोकळी जागा दाखवली, मोठी आहे, वर शेड आहे. ट्रेनर बाईने चप्पल काढून तळवा जमिनीवर घासला, तर खाली कूलंटचा, म्हणजे मशीन थंड ठेवायला वापरतात त्या द्रवाचा, पातळसा थर, पाय सटकन पुढे गेला. आम्ही रोज सेफ्टी शूज घालून त्याच्यावरून जातो, कधी लक्षातच आलं नाही. वरून तिथे फोर्कलिफ्टची ये-जा. ती जागा रद्द, शेवटी ट्रेनिंग हॉल घेतला, खुर्च्या काढून. सेफ्टी शूज घालून उड्या मारायच्या नाहीत कारण ते जड आणि कडक असतात, घोटा मुरगळतो, आणि सॉक्सवर पण नाही कारण टाईल्सवर घसरतो, एक तर साधे स्पोर्ट शूज नाहीतर अनवाणी मॅटवर. आयकार्डची दोरी गळ्यातून काढायची, ओढणी कमरेला घट्ट बांधायची. छोट्या गोष्टी आहेत पण पहिल्या दिवसापासून रोज बघतात, म्हणून सांगतो.

ऑफिसवाले आणि शॉप फ्लोअरवाले यांची बॅच वेगळी ठेवली, हे पण पटलं. आमचे अकाउंट्सवाले दिवसभर खुर्चीत, त्यांना कंबर, मान, मांडीमागचे स्नायू मोकळे करायला पाहिजे आणि पायात थोडी ताकद पाहिजे. आणि लोडिंगचा पोरगा आठ तास पेट्या उचलून आलेला, त्याच्या कमरेला अजून तीस डेडलिफ्टची काही गरज नाही, त्याला वाकायची उचलायची पद्धत शिकवा, खांदे मोकळे करा, घरी जाऊ द्या. नाईट शिफ्ट सुटल्यावर तर सेशन अजिबात नाही, झोप झाली नसते आणि नंतर तोच माणूस बाईकवर हिंगणा रोडने ट्रकमधून वाट काढत घरी जाणार.

आता उन्हाचं. नागपूरकरांना ऊन काय असतं ते मी सांगायची गरज नाही, २०१३ च्या मेमध्ये पारा ४७.९ पर्यंत गेलेला आपण बघितला आहे. पण आपण उन्हाची सवय आहे म्हणून ज्या जोरावर बोलतो ना, त्याचं यांनी नीट समजावलं. शरीराला उन्हात मेहनतीची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि ती सवय त्याच माणसाला होते जो रोज उन्हात थोडं थोडं काम करतो, दिवसभर एसीत बसणाऱ्याला नागपुरात जन्मला म्हणून काही सूट मिळत नाही. आठ-दहा दिवस सुट्टीवर गेला, ताप येऊन घरी राहिला, की सवय परत कमी होते, त्याने आल्या आल्या फुल सेशन करायचं नाही. मार्च संपताना यांनी वेळ सकाळी साडेसहाची केली, एप्रिलमध्ये सेशन छोटं केलं, मेमध्ये उड्या-दौड बंद करून फक्त हॉलमध्ये स्ट्रेचिंग आणि हलकं काम. काही पोरं नाराज झाली, पैसे पूर्ण आणि व्यायाम अर्धा म्हणे. मी त्यांच्या बाजूने नाही, मेमध्ये तेच बरोबर आहे.

आणि जूनचा एक मुद्दा जो मला माहित नव्हता. पाऊस पडला, पारा उतरला की आपण सगळे सुटलो म्हणतो आणि परत जोरात सुरू करतो. पण अंग थंड होते ते घाम वाळल्यामुळे, आणि दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता गळत राहतो, आणि ज्या कूलरच्या भरवशावर आपण अख्खा उन्हाळा काढतो तो पण कोरड्या हवेतच काम करतो, जून-जुलैत तोच कूलर हॉलमध्ये अजून ओल वाढवतो. म्हणून यांनी पाऊस लागल्यावर कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा चालू, खिडक्या उघड्या, आणि परत पहिल्या महिन्यासारखं हळू. उन्हाचा झटका कसा ओळखायचा ते पण सगळ्यांना शिकवलं, माणूस असंबद्ध बोलायला लागला, चालता चालता लडबडला, चिडचिड करायला लागला की समजा डोक्यापर्यंत गेलं, आणि घाम येऊन राहिला म्हणजे ठीक आहे असं समजू नका, मेहनतीतून झटका बसतो तेव्हा अंग ओलं पण असू शकतं. त्यावेळी आधी अंग थंड करायचं, अंगावर भरपूर थंड पाणी, पंखा, मान-काख-जांघेत बर्फ, आणि फोन सोबतच, हॉस्पिटलला पोहोचेपर्यंत थांबायचं नाही. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

आता तक्रार, आणि ही मोठी आहे. मधल्या काळात आमच्या नेहमीच्या ट्रेनर बाई सुट्टीवर गेल्या आणि सर्विसवाल्यांनी बदली पोरगा पाठवला, बॉडी जबरदस्त, आवाज जबरदस्त. त्याने फॉर्मची यादी बघितलीच नाही. आल्या आल्या दोन टीम पाडल्या आणि स्क्वॅटची स्पर्धा लावली, जो थांबला तो बाद. पोरांना जोश आला, टाळ्या, शिट्ट्या, आणि डिस्पॅचचा एक पोरगा, नुकताच जॉईन झालेला, पंचविशीचा पण नाही, हरायचं नाही म्हणून करतच राहिला, पाय थरथरत होते तरी. मी हॉलमध्ये पोहोचलो तेव्हा त्याला दोघे धरून उतरवत होते. दुसऱ्या दिवशी त्याला जिना उतरता येईना, मांड्या सुजून टणक, आणि त्याने लाजत सांगितलं की लघवी एकदम काळपट, कोल्ड्रिंकसारखी होऊन राहिली.

नशीब की आमच्या नेहमीच्या ट्रेनर बाईने हे लक्षण पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं. सवय नसताना एकदम अति केलं की स्नायूच तुटायला लागतो आणि त्याच्यातला ऐवज रक्तातून किडनीत जाऊन अडकतो, याला रॅब्डो म्हणतात, हे नुसतं अंग दुखणं नाही, घरी पेनकिलर खाऊन झोपण्यासारखं तर मुळीच नाही, उलट काही पेनकिलर किडनीला अजून जड जातात. आम्ही त्याला लगेच हॉस्पिटलला नेलं, भरती केलं, सलाईन लावली, आणि तो ठीक झाला. पण त्याच्या आईने दवाखान्यात मला विचारलं, "भाऊ, पोरगा कामाला पाठवला होता ना आम्ही, हे काहून करायला लावलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि त्या सर्विसकडेही नव्हतं.

त्यांनी ते मान्य केलं, मालक स्वतः हॉस्पिटलमध्ये आले, खर्च उचलला, आणि बदली ट्रेनर पाठवताना आधी एक सेशन जुन्या ट्रेनरसोबत करायचं असा नियम लावला. बरं केलं. पण मी एक स्टार कापतो तो याचाच, कारण सगळी चांगली पद्धत जर एका बाईच्या डोक्यात असेल आणि ती सुट्टीवर गेली की सुट्टीवर जात असेल तर ती सर्विसची पद्धत झाली नाही. तुम्ही घ्याल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा, बदली कोण येणार आणि त्याला आमच्या लोकांची यादी कोण समजावणार.

दुसरी तक्रार छोटी. व्हॉट्सॲप ग्रुपवर यांनी दर आठवड्याला स्टेप काउंटची रँक टाकणं सुरू केलं होतं, आणि एकदा वजनाचा तक्ता पण, नावासकट. फॉर्म एचआरपासून लपवायचे आणि वजन साऱ्या ग्रुपला दाखवायचं याला काय अर्थ आहे. आमच्या स्टोअरच्या ताई त्या दिवसापासून आल्याच नाहीत. बोलल्यावर तक्ता बंद केला पण ताई काही परत आल्या नाहीत. आता रँकच्या जागी आठवड्यात किती मिनिटं हालचाल झाली ते ज्याचं त्याने बघायचं, डब्ल्यूएचओने मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे, तेवढं गाठलं की झालं, दुसऱ्याशी तुलना कशाला.

मध्यम म्हणजे किती ते कळायला यांची रीत सोपी आहे, बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. काही जण स्मार्टवॉचवर २२० वजा वय म्हणजे जास्तीत जास्त ठोके असं धरून ठोके बघतात, तर बाईंनी सांगितलं की ज्यांना बीपीसाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर चालू आहे, मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल वगैरे, त्यांचे ठोके गोळीमुळे फारसे वाढत नाहीत, घड्याळ म्हणेल अजून आरामात आहे आणि माणूस दमून गेला असेल. त्यामुळे बोलून बघा, घड्याळावर जाऊ नका.

उपवासाचं पण विचारतात, रोज. चतुर्थी, श्रावणातले सोमवार, नवरात्र, रोजे, आमच्याकडे सगळेच आहेत. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, उपाशीपोटी व्यायाम केला की शुगर एकदम खाली जाऊ शकते, हात थरथरणं, घाम, डोळ्यापुढे अंधारी. ७० च्या खाली गेली की तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. यांच्या बॅगेत ग्लुकोजचं पाकीट आणि ग्लुकोमीटर कायम असतो. उपवासवाल्याला परत पाठवत नाहीत, बसून करायचं स्ट्रेचिंग देतात, म्हणून लोक लपवत नाहीत.

सगळ्यात उपयोगी काही झालं असेल तर मॉक ड्रिल. एक दिवस सेशनच्या मध्येच ट्रेनर म्हणाली, समजा हा भाऊ आत्ता पडला, हाक मारली तर उत्तर नाही, श्वास नाही, बोला कोण काय करणार. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे. मग नावं ठरली, हा छाती दाबणार, हा १०८ ला फोन लावणार, हा एईडी म्हणजे हृदयाला शॉक द्यायचं मशीन आणणार, हा गेटवर जाऊन उभा राहणार. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची, पाच ते सहा सेंटीमीटर खोल, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, आणि दोन मिनिटांनी माणूस बदलायचा कारण हात गळतात. पुतळ्यावर सगळ्यांनी करून बघितलं, आमच्या गेटवरच्या सिक्युरिटी काकांनी पण. सीपीआर आणि शॉक दोन्ही मिळाले नाही तर दर मिनिटाला वाचायची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी होते, म्हणून एईडी ॲडमिनच्या कपाटात कुलूप लावून ठेवायचा नाही. आमच्याकडे एईडी नव्हताच, या ड्रिलनंतर घेतला, हॉलच्या दाराजवळ लावला.

आणि त्याच ड्रिलमध्ये निघालं की सकाळी साडेसहाला आमच्या मेन गेटसमोर माल घ्यायला आलेले ट्रक लागलेले असतात, ॲम्ब्युलन्स आत येऊच शकत नाही. इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. आता सेशन असेपर्यंत एका बाजूची लाईन पिवळ्या पट्ट्याने मोकळी ठेवतो आणि ट्रकवाल्यांना सिक्युरिटी काका तिथे थांबूच देत नाहीत.

रेट माणशी महिन्याला हजाराच्या आत पडला, बॅच मोठी असल्यामुळे. महिलांची बॅच लेडी ट्रेनरसोबत वेगळी मिळाली, गरोदर असलेल्या दोघींना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेतलं नाही, हे पण चांगलं. करारात एक ओळ होती की सेशनमध्ये काहीही झालं तर ज्याची त्याची जबाबदारी, ती आम्ही वकिलाला दाखवून काढायला लावली आणि त्यांच्या विम्याची कॉपी मागून घेतली, तुम्ही पण सही करायच्या आधी शेवटचं पान नीट वाचा. आम्ही पुढच्या वर्षासाठी त्यांनाच ठेवलं आहे, तीन अटी लेखी घालून. बदली ट्रेनरची नावं आधी कळवायची, कोणतीही स्पर्धा नाही, ग्रुपवर कोणाचंच वजन नाही. डिस्पॅचचा पोरगा परत कामावर आहे, सेशनला यायचं की नाही ते त्याच्यावर सोडलं आहे. तुम्हाला पुढच्या उन्हाळ्यासाठी लावायचं असेल तर जानेवारीतच बोलून ठेवा, सकाळी साडेसहाची वेळ एमआयडीसीतल्या सगळ्यांनाच पाहिजे असते आणि मार्चमध्ये मिळत नाही.